उतरणीवरचा गोळा

'एक गोळा घर्षणरहित उतरणीवरून विराम अवस्थेतून निघाला. पहिल्या सेकंदात त्याने एक फूट अंतर कापले, तर तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस तो किती दूर गेला असेल?' हे किंवा अशा जातीचे गणित शाळेत सोडवले नाही असा वाचक विरळाच. कोणी सोडवले असेल, कोणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवले असेल. उत्तर नऊ फूट. एक सेकंदाला एक, दोन सेकंदांना चार, तीन सेकंदांना नऊ. अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम. नियम पाठ असला की गणित दोन ओळींत सुटते आणि मुले दिवाळीच्या सुट्टीला मोकळी होतात.

मी ते कित्येक वर्षे असेच शिकवीत आलो. एका वर्षी मात्र मला हुक्की आली. म्हटले, फळ्यावरची उतरण पुरे झाली, खरी उतरण करू. शाळेच्या अडगळीत नऊ फुटांची एक सागवानी फळी पडली होती, तिच्या मधोमध सुताराकडून पन्हळ मारून घेतली. एका टोकाखाली दोन विटा ठेवल्या. पन्हळीत काचेची मोठी गोटी. एक फूट, चार फूट आणि नऊ फूट अशा तीन खुणा खडूने केल्या. पोरे खूष! प्रत्येक गटाने गोटी सोडायची, सेकंद मोजायचे आणि वहीत मांडायचे. तास संपला तेव्हा माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग होता, आणि जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच उत्तर होते : एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. पुस्तकात छापल्यासारखे. फक्त एका मुलाच्या वहीत निराळे आकडे होते : १, २.१, ३.२. त्याने खाली एक ओळही लिहिली होती की, शेवटचे माप आठ वेळा घेतले आणि आठही वेळा तीनच्या पुढेच आले. मी तांबड्या शाईने शेरा मारला, 'निरीक्षण निष्काळजीपणाचे', आणि दहापैकी चार गुण दिले.

हा शेरा पुढे मला कसा नडला ते शेवटी सांगतो. आधी ही उतरण मुळात आली कोठून ते पाहू. कारण या एका फळीपायी तीनशे-साडेतीनशे वर्षे विद्वानांत भांडण चालले, आणि भांडणाचा विषय नेमका माझ्या वर्गातलाच होता : आकडे खरेच मोजले, की आधी उत्तर ठरवून मग लिहिले?

जड वस्तू लवकर पडते आणि हलकी उशिरा, हे ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने सांगितले आणि युरोपातल्या पाठशाळांत ते दीड-दोन हजार वर्षे चालले. तो मूर्ख होता असे समजू नये. दगड आणि पीस सोडून पाहा, तुम्हीही तेच म्हणाल. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस नावाच्या टीकाकाराने मात्र लिहून ठेवले होते, की वजनात पुष्कळ अंतर असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळेत फारच थोडा फरक पडतो. १५८६ साली हॉलंडमधल्या सिमोन स्टेव्हिनने आपला अनुभव छापला : शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फुटांवरून एका फळीवर सोडले, आवाज एकच झाला.

'आणि पिसाचा मनोरा?' असे वाचक विचारतील. गॅलिलिओ त्या कलत्या मनोऱ्यावर चढला, खाली विद्यापीठातले सगळे पंडित जमले, त्याने दोन गोळे सोडले आणि अॅरिस्टॉटल कोसळला. हे चित्र इतके सुबक आहे, की मलाही ते एखाद्या कादंबरीत घालावेसे वाटते, आणि तेवढ्यासाठीच त्याचा संशय येतो. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात ही हकीकत कोठेही नाही. ती येते त्याचा शेवटचा तरुण शिष्य व्हिव्हियानी याने गुरू गेल्यावर लिहिलेल्या चरित्रात, आणि ते चरित्र छापले गेले १७१७ साली. गुरुभक्ताच्या हातात लेखणी आली की असे थोडेफार होतेच. प्रयोग मुळीच झाला नाही असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण झाला असला तरी त्याने दोन गोळे बरोबर पडतात एवढेच कळले असते. पडताना वेग कोणत्या हिशेबाने वाढतो, हा खरा प्रश्न होता, आणि तो मनोऱ्यावरून सुटण्यासारखा नव्हता.

अडचण अशी की, सोडलेली वस्तू फार लवकर पडते. दोन सेकंदांत ती साठ फुटांच्यावर जाते. त्या काळी सेकंदाचा काटा असलेले विश्वासाचे घड्याळ नव्हते. हातात काय, तर स्वतःची नाडी. गॅलिलिओने यावर जी युक्ती काढली ती मला त्याच्या दुर्बिणीपेक्षाही मोठी वाटते. त्याने पडणे पातळ केले. चहा फार कडक झाला तर आपण त्यात दूध घालतो, तसे. सरळ पडणारा गोळा दिसत नाही ना, मग त्याला उतरणीवरून सोडा. उतरण जितकी सौम्य, तितके पडणे मंद. गोळा आता इतका सावकाश जातो की त्याच्याबरोबर मोजीत चालता येते.

गॅलिलिओ १५६४ साली पिसात जन्मला. बाप व्हिन्चेन्झो गॅलिलेई ल्यूट वाजवणारा होता. ल्यूट म्हणजे आपल्या सतारीच्या दूरच्या नात्यातले वाद्य. तो नुसता वादक नव्हता. संगीतावर त्याने पुस्तके लिहिली. हा बाप वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे. मुलगा १५९२ पासून १६१० पर्यंत पाडुआच्या विद्यापीठात गणित शिकवीत होता. तेथून १६०४ साली त्याने आपला व्हेनिसचा मित्र पाओलो सार्पी यास एक पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की, पडणारी वस्तू ठराविक काळाच्या लागोपाठच्या तुकड्यांत एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरे कापते. आता बेरीज करा : एक, एक आणि तीन चार, त्यात पाच मिळवा, नऊ, सात मिळवा, सोळा. तेच आपले शाळेतले वर्ग! मौजेची गोष्ट अशी की, नियम अगदी बरोबर आणि त्याच पत्रातले कारण साफ चूक. वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने गृहीत धरले होते. तो काळाच्या प्रमाणात वाढतो, हे उमगायला त्याला आणखी काही वर्षे लागली. उत्तर आधी आणि रीत मागाहून! आमच्या वर्गात असे झाले तर आम्ही कॉपीचा आरोप ठेवतो.

पण या साऱ्याचे पुस्तक व्हायला फार दिवस गेले. मध्यंतरी दुर्बीण आली, गुरूचे उपग्रह आले, पृथ्वी फिरते की सूर्य, हे प्रकरण आले. १६३३ साली रोमच्या धर्मपीठापुढे गुडघे टेकून त्याला आपले मत नाकारावे लागले आणि उरलेले आयुष्य फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरात नजरकैदेत काढावे लागले. तेथे म्हातारपणी त्याने तारुण्यातली फळी पुन्हा हातात घेतली. इटलीत छपाईची सोय राहिली नव्हती, म्हणून पुस्तक १६३८ साली हॉलंडातल्या लायडन शहरी छापले गेले. ते छापून होईतो त्याची दृष्टी गेली होती.

'दोन नव्या शास्त्रांविषयी' लिहिलेल्या या पुस्तकात तीन गृहस्थ गप्पा मारतात, आणि त्यांतला एक फळीचे वर्णन करतो. फळी सुमारे बारा हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटे जाड. (तिकडचा हात आपल्याहून लांब, जवळजवळ दोन फुटांचा.) फळीच्या काठात बोटाहून किंचित रुंद अशी सरळ पन्हळ कोरलेली, आणि ती गुळगुळीत राहावी म्हणून आतून चर्मपत्र चिकटवलेले. त्यातून काशाचा घोटीव, अगदी वाटोळा गोळा सोडायचा. फळीचे एक टोक हात-दोन हात उचललेले. वेळ मोजण्यासाठी वर पाण्याचे मोठे भांडे, त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळा सुटला की धार खालच्या पेल्यात धरायची, गोळा पोचला की काढायची, आणि जमलेले पाणी नाजूक तराजूत तोलायचे. जितके पाणी, तितका काळ.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटू नये. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात सोडलेले घटिकापात्र आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे. पण घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. हा गृहस्थ त्याच पाण्याने नाडीच्या ठोक्याचा दहावा हिस्सा मोजला म्हणतो! प्रयोग पुरता शंभर वेळा केला आणि फरक ठोक्याच्या दशांशाइतकाही आला नाही, असे तो छातीवर हात ठेवून सांगतो.

याच उतरणीने पुढे एक फार मोठे दार उघडले. गोळा एका उतरणीवरून उतरून समोरच्या चढावर गेला, तर तो जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ सौम्य करा, तेवढीच उंची गाठायला तो अधिक लांब जाईल. आणखी सौम्य करा, आणखी लांब. आता समोरचा चढ पार सपाट केला तर? उंची कधीच गाठली जाणार नाही, म्हणून गोळा थांबणार नाही. त्याला चालू राहायला कोणी ढकलत राहण्याची गरज नाही. त्याचा वेग बदलायलाच काय ते बळ लागते. गाडी चालू ठेवायला बैल लागतो, हा रोजचा अनुभव. पण बैल खर्ची पडतो तो चाकाच्या आणि रस्त्याच्या घर्षणाशी झगडण्यात. ही गोष्ट आठवीच्या मुलाला पटवताना आजही माझा घसा कोरडा पडतो. न्यूटनने १६८७ साली आपले गतीचे नियम मांडले तेव्हा पहिल्या दोहोंचे श्रेय गॅलिलिओच्या पदरात टाकले. (गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य आम्ही मास्तर मोठ्या चवीने सांगतो. ते खरे होते इंग्लंडच्या जुन्या पंचांगाने. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ रोजी; त्याच पंचांगाने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. असो.)

आता भांडण. ते गॅलिलिओच्या हयातीतच सुरू झाले. १६३२ साली छापलेल्या संवादात त्याने एक आकडा दिला होता : लोखंडी गोळा शंभर हात उंचीवरून पाच सेकंदांत पडतो. शंभर हात म्हणजे त्या मापाने अठ्ठावन्न मीटर. पाच सेकंदांत वस्तू खरोखर पडते सुमारे एकशे बावीस मीटर. म्हणजे आकडा निम्म्याहूनही कमी! पॅरिसच्या मेर्सेन नावाच्या पाद्र्याने स्वतः मोजून पाहिले आणि तो चक्रावला. त्याचे गोळे कितीतरी लवकर पडत होते. फळीचा प्रयोगही त्याने करून पाहिला, आकडे जुळेनात, तेव्हा १६३६ च्या आपल्या ग्रंथात त्याने शंका छापली, की गॅलिलिओने हे प्रयोग केले तरी होते का? मेर्सेन शत्रू नव्हता, गॅलिलिओचा चाहता होता. म्हणूनच ही शंका अधिक झोंबणारी.

यातल्या काही तुटीचे कारण आज सांगता येते. घरंगळणारा भरीव गोळा नुसता पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरतोही; उतरणीने दिलेले काही श्रेय त्या गिरकीत जाते, आणि तो घसरणाऱ्या वस्तूच्या सात हिश्श्यांपैकी पाचच हिस्से त्वरण घेतो. हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. पण याने सगळी तूट भरून निघत नाही. प्रमाण बरोबर आणि प्रत्यक्ष माप चूक, हा गॅलिलिओचा दोष राहतोच.

विसाव्या शतकात अलेक्झांड्र कोइरे या थोर इतिहासकाराने हीच शंका पुढे नेली. मूळचा रशियन, वास्तव्य फ्रान्समध्ये, विद्वत्ता अफाट. लाकडी पन्हळ, भांड्याच्या बुडाचे भोक आणि पेल्यातले पाणी. या सामानाने ठोक्याचा दशांश मोजला म्हणणे त्याला हास्यास्पद वाटले. त्याच्या मते गॅलिलिओने नियम डोक्यात काढला आणि प्रयोग शोभेला जोडला. कोइरेचा दबदबा असा की, पुष्कळांनी मान डोलावली.

१९६१ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस सेटल नावाच्या तरुणाने मात्र मान न डोलावता फळी आणली. पाण्याचे भांडे म्हणून त्याने साधी झाडाची कुंडी घेतली. पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम सारे मांडले, हात बसेपर्यंत सराव केला, आणि दाखवून दिले की पाण्याने सेकंदाचा दशांश मोजता येतो. हात बसावा लागतो, एवढेच. स्वयंपाकघरातल्या बायकांना हे सांगायला नको. यावरून गॅलिलिओला प्रयोग करता आला असता, हे ठरले. केला होता, हे ठरायचे बाकी होते.

त्याचा पुरावा फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होता. गॅलिलिओचे समग्र लिखाण वीस खंडांत छापणाऱ्या संपादकांनी काही सुटे कागद गाळले होते. त्यांवर नुसते आकडे आणि रेघोट्या होत्या, वाक्य एकही नव्हते, छापायचे काय? १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्टिलमन ड्रेक या संशोधकाने ते कागद काढून पाहिले. हा माणूस पुष्कळ वर्षे पैशाअडक्याच्या व्यवसायात होता आणि गॅलिलिओचे भाषांतर फावल्या वेळात करी. १०७ क्रमांकाच्या पानामागे त्याला आकड्यांचा एक उभा स्तंभ दिसला : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. शेजारी दुसऱ्या स्तंभात १, ४, ९, १६ पासून ६४ पर्यंतचे वर्ग.

वाचकहो, फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारा आणि पेन्सिल घ्या. तेहतिसाला चाराने गुणा, १३२ येतात. कागदावर १३० आहेत. नवाने गुणा, २९७, कागदावर २९८. सोळाने गुणा, ५२८, कागदावर ५२६. छत्तिसाने गुणा, ११८८; कागदावर ११९२. चौसष्टाने गुणा, २११२, कागदावर २१०४. एकही आकडा तंतोतंत जुळत नाही! कधी दोन कमी, कधी चार जास्त. आणि यातच सारे आले. ज्याला नुसते उत्तर लिहायचे असते तो २११२ लिहितो. २१०४ हा आकडा मोजल्याशिवाय कोणाला सुचत नाही. यातले एक माप मिलिमीटरहून किंचित लहान; म्हणजे सारी धाव दोन मीटरची. काही आकडे खोडून दुसरे घातले आहेत.

इतक्या बारीक अंतराने सारखे कालखंड त्याने पाडले कसे? ड्रेकचा तर्क असा : बाप वाजवणारा, मुलगाही ल्यूट वाजवण्यात तयार. ल्यूटच्या मानेवर तातीचे पडदे बांधतात आणि ते मागेपुढे सरकवता येतात. तशाच ताती फळीवर आडव्या बांधायच्या, गोळा त्यांवरून जाताना टक् असा आवाज होतो. तोंडाने एखादे तालाचे गाणे म्हणायचे आणि प्रत्येक टक् ठेक्यावर येईपर्यंत ताती सरकवीत राहायचे. मग अंतरे मोजायची. या पानाचा अर्थ लावण्यात पंडितांचे मतभेद आहेत आणि तातींचा तर्क हा तर्कच आहे. पण तबलजीच्या शेजारी बसून कधी टाळ धरला असेल त्याला तो अशक्य वाटणार नाही. ठेका चुकल्याचे कानाला घड्याळाआधी कळते.

गॅलिलिओची बाजू अशी सावरली. तरी या साऱ्या प्रकरणात माझा आवडता माणूस तो नव्हे. माझा आवडता माणूस त्याच्या विरुद्ध पक्षाचा आहे.

जोव्हान्नी बाप्तिस्ता रिच्चोली हा बोलोन्याचा जेझुइट पाद्री. पृथ्वी फिरते हे त्याला मान्य नव्हते. १६५१ साली त्याने खगोलशास्त्राचा एक प्रचंड ग्रंथ छापला, त्यात पृथ्वी फिरते याच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ७७ युक्तिवाद मांडून तपासले आहेत. गॅलिलिओचा पडण्याचा नियमही त्याला खोटा वाटत होता. त्याच्या मते अंतरे एक, तीन, नऊ, सत्तावीस अशी वाढत असावीत. गॅलिलिओचे बंदी घातलेले पुस्तक रीतसर परवानगी काढून त्याने वाचले, आणि ठरवले की हा नियम मोजून खोटा पाडायचा.

मोजायचे तर आधी सेकंद हवा. त्याने दोरीला गोळा टांगून लंबक केला आणि एका दिवसात तो किती वेळा हलतो ते मोजायला बसला. दिवसाचे सेकंद ८६,४००. तितके हेलकावे आले तर लंबक बरोबर सेकंदाचा. २ एप्रिल १६४२ रोजी नऊ पाद्री पाळीपाळीने बसले आणि अख्खे चोवीस तास एकेक हेलकावा मोजीत राहिले. लंबक मंदावला की त्याला हलकेच टोला द्यायचा, मोजणी तुटू द्यायची नाही. बेरीज झाली ८७,९९८. मूळ बेताहून १,५९८ जास्त! त्याने दोरीची लांबी किंचित वाढवली आणि पुन्हा चोवीस तास. या वेळी ८६,९९९. अजून ५९९ जास्त. तिसऱ्या खेपेला त्या बिचाऱ्या पाद्र्यांचा धीर सुटला, आणि नक्षत्रांच्या साहाय्याने थोडक्या वेळात मोजण्याचे काम उरल्या दोघा-तिघांवर आले. नऊ शहाणीसुरती माणसे रात्रभर दिव्याच्या उजेडात एका हलत्या गोळ्याकडे पाहत 'छप्पन हजार चारशे एक, छप्पन हजार चारशे दोन' करीत बसली आहेत, हे चित्र पिसाच्या मनोऱ्यापेक्षा मला फार भावते.

मग त्यांनी सेकंदाचा सहावा हिस्सा दाखवणारा इवलासा लंबक केला. तो इतका जलद हले की, बोलून मोजणे कठीण. म्हणून दहापर्यंतचे अंक बोलीत तोडून, एका लयीत म्हणायचे आणि दर दहाचा हिशेब बोटांवर ठेवायचा, असा सराव केला. बोलोन्यात असिनेल्ली नावाचा मनोरा आहे, शंभर मीटरला थोडा कमी, आजही उभा. त्यावरून मातीचे गोळे सोडले. वर एक जण, खाली एक जण, दोघांजवळ लंबक. सोबत ग्रिमाल्डी नावाचा तरुण पाद्री, जो पुढे प्रकाशावरील कामामुळे नावाजला. आकडे आले ते असे : पाच ठोक्यांत १० फूट, दहा ठोक्यांत ४०, पंधरांत ९०, विसांत १६०, पंचविसांत २५०.

दहा, चाळीस, नव्वद, एकशे साठ, अडीचशे. दहाने भागा. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस.

गॅलिलिओ बरोबर होता. जो नियम खोडून काढण्यासाठी नऊ पाद्र्यांना रात्रभर जागवले, तोच नियम आता रिच्चोलीच्या स्वतःच्या आकड्यांत उभा. त्याला गप्प बसता आले असते. चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर रोमला आनंदच झाला असता. त्याने काय केले? तो ग्रिमाल्डीला घेऊन त्याच शहरात गणित शिकवणाऱ्या काव्हालिएरीच्या घरी गेला. काव्हालिएरी गॅलिलिओचा पट्टशिष्य, संधिवाताने जखडलेला. तुझ्या गुरूचे खरे ठरले, हे त्याला त्यांनी जाऊन सांगितले. आणि १६५१ च्या त्याच ग्रंथात, पृथ्वी स्थिर आहे असे बजावणाऱ्या पानांच्या संगतीत, हे सारे आकडे छापून टाकले. पृथ्वीबद्दल तो शेवटपर्यंत चुकला. आपण गोळ्याचे म्हणत आहोत.

त्याच ग्रंथात चंद्राचा नकाशा आहे, आणि त्यावर रिच्चोलीने दिलेली नावे आज जगभर चालतात. ज्याचे मत आपल्याला पटत नव्हते त्या कोपर्निकसच्या नावाने त्याने एक ठसठशीत विवर ठेवले. १९६९ साली माणसे उतरली तो चंद्रावरचा 'शांतिसागर' हे नावही त्याचेच. दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९७१ रोजी, चंद्रावर गेलेल्या डेव्हिड स्कॉटने एका हातात हातोडा आणि दुसऱ्यात ससाण्याचे पीस धरून दोन्ही एकदम सोडली. तेथे हवा नाही. दोन्ही बरोबरच खाली आली.

रिच्चोलीची ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मला एकदम ती वही आठवली. १, २.१, ३.२. शेवटचे माप आठ वेळा घेतले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिपायाला बरोबर घेऊन मी अडगळीतून ती फळी पुन्हा काढवली. दोन विटांवर टेकवली. एका टोकाला मी सुतळी धरली, दुसऱ्या टोकाला शिपायाने, आणि ताणली. सुतळी आणि फळी यांच्यामध्ये मधोमध जवळजवळ इंचभर फट होती. फळीला पोक आला होता, झोळीसारखा. म्हणजे सुरुवातीला चढण उभी, शेवटी सपाट. गोटी पहिला फूट झटकन उरकणार आणि शेवटच्या पल्ल्यात मागे पडणार. तीन सेकंदांना नऊ फूट त्या फळीवर होणेच शक्य नव्हते. मी गोटी सोडून मोजले. तीन आणि वर काही. पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

वर्गातल्या सगळ्या पोरांनी पुस्तकातली फळी मोजली होती. शाळेची फळी मोजली होती एकट्याने.

तो मुलगा तेव्हा गाव सोडून गेलेला होता. बापाची बदली झाली होती. वह्या मी शोधल्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्या वर्षाचा गठ्ठा नव्हता, मे महिन्यात रद्दीवाल्याला गेला होता. शिपाई अजून सुतळीचे टोक धरून उभा होता. त्याने विचारले, "गुरुजी, फळी सरळ करून आणायची का सुताराकडून?" मी म्हटले, "नको, अशीच ठेव."

पुढच्या वर्षीपासून मी तीच फळी वर्गात नेतो. तिला पोक आहे हे आधी सांगत नाही.